हस्तरेखित मोटारचित्रांचे मोल : हॉट रॉडची जुनी रेखाटने आणि आपली समीक्षा

प्रस्तावना :

मराठी कलासमीक्षेने चित्र, शिल्प आणि वास्तू यांच्याबरोबरच कालांतराने व्यंगचित्र, पुस्तकाचे मुखपृष्ठ आणि सिनेमाचे भित्तिपत्रक यांचीही दखल घेतली. मोटारगाडीचे हाताने काढलेले रेखाटन मात्र आजही कोणाच्याच वाट्याला आलेले नाही. चित्रकलेचा अध्यापक त्याला यंत्राचे चित्र म्हणून बाजूला ठेवतो, तर अभियांत्रिकीचा अध्यापक मोजमाप नसलेले चित्र म्हणून त्याकडे पाहत नाही. दरम्यान अशा रेखाटनांचे वाटप मोठ्या प्रमाणावर सुरू झाले आहे. जुन्या फायली उघडल्या जातात, कागदांची छायाचित्रे घेतली जातात आणि ती हातोहात फिरतात. जतन म्हणून या घटनेचे स्वागतच केले पाहिजे. तथापि वाटप म्हणजे जतन, असे समीकरण मांडता येईल काय, हा प्रश्न शिल्लक राहतो.

प्रस्तुत लेखात 'रेखाटन' हा शब्द कल्पनेचा शोध घेताना काढलेल्या मुक्तहस्त चित्रासाठी आणि 'आरेखन' हा शब्द कारखान्यासाठी मोजमापांसह तयार केलेल्या चित्रासाठी वापरला आहे. गाडीचे रेखाटन ही गाडीची पूर्वतयारी नसून स्वतंत्र कृती आहे आणि म्हणून तिचे वाटप हे प्रकाशन आहे, अशी या लेखाची भूमिका आहे. प्रकाशनाला जी जबाबदारी असते ती वाटपालाही असली पाहिजे.

१. हॉट रॉड आणि कस्टम गाडी :

'हॉट रॉड' ही संज्ञा आपल्याकडे फारशी रूढ नसल्याने तिचा थोडक्यात परिचय आवश्यक आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात तरुणांनी जुन्या, स्वस्तात मिळणाऱ्या फोर्ड गाड्या घेऊन त्यांतील अनावश्यक वजन काढून टाकण्यास सुरुवात केली. चाकांवरील मडगार्ड, बॉनेट, बंपर, कधी छतही काढले जाई आणि इंजिनाची ताकद वाढवली जाई. १९३२ मध्ये फोर्डने आठ सिलिंडरचे 'व्ही-८' इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत आणले आणि या छंदाला बळ मिळाले. म्युरॉकसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर या गाड्या पळवल्या जात. १९३७ मध्ये अशा मंडळांची दक्षिण कॅलिफोर्नियात एक संघटनाही स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रकाम शिकून परतलेल्या सैनिकांमुळे हा छंद पसरला आणि जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' याच नावाचे मासिक निघाले.

हॉट रॉडचे लक्ष्य वेग होते. 'कस्टम' गाडीचे लक्ष्य रूप. छताचे खांब मधून कापून छत बुटके करणे, सांगाडा चेसिसवर खाली उतरवणे, गाडीच्या अंगातून आडवी पट्टी कापून काढून तिची उंची कमी करणे अशा क्रियांनी कारखान्यातून आलेली गाडी ओळखू न येण्याइतकी बदलली जाई. सॅम आणि जॉर्ज बॅरिस या बंधूंच्या कार्यशाळेत १९५१ च्या मर्क्युरी गाडीवरून घडलेली 'हिरोहाटा मर्क' हे या परंपरेचे सर्वपरिचित उदाहरण होय. १९६३ मध्ये टॉम वुल्फ या पत्रकाराने 'एस्क्वायर' मासिकातील निबंधात बॅरिस आणि एड रॉथ यांच्याविषयी लिहिताना त्यांना कारागीर न म्हणता कलावंत म्हणून वागवले. समीक्षेच्या दृष्टीने हे पहिले महत्त्वाचे पाऊल मानावे लागेल. परंतु वुल्फचे लक्षही मुख्यतः गाडीवर होते. गाडीआधीच्या कागदाकडे वळायला आणखी काही दशके जावी लागली.

झाडीपट्टीतील वाचकाला ही वृत्ती अपरिचित वाटू नये. शंकरपटात धावणारा छकडा हा शेतात धान वाहणाऱ्या बंडीचे वजन उतरवलेले रूप आहे. ओझे वाहणारा प्रत्येक भाग काढायचा आणि जोडी, धुरकरी व चाक एवढेच ठेवायचे, हे छकडा घडवणाऱ्या सुताराचे तत्त्व आणि फोर्डचे मडगार्ड काढणाऱ्या मुलाचे तत्त्व एकच. फरक असा की, त्या मुलाच्या कागदाला पुढे छापखाना मिळाला. आपल्या सुताराने कोळशाने फळीवर ओढलेली रेघ मात्र रंध्याखाली गेली.

२. रेखाटनाची भाषा :

कोणत्याही कलाप्रकाराची समीक्षा करण्यापूर्वी त्याचे संकेत समजून घ्यावे लागतात. १९५० आणि १९६० च्या दशकांतील मोटार-रेखाटनांचे काही संकेत स्पष्ट दिसतात. बहुतेक चित्रे दोन कोनांतून काढलेली असतात. पहिला कोन सरळ बाजूचा. यात छत किती खाली येणार, चाक किती बाहेर दिसणार, हे प्रमाण ठरते. दुसरा समोर आणि बाजू एकाच वेळी दिसेल असा तिरका. यात गाडीचा स्वभाव दिसतो. पारदर्शक कागदावर किंवा रंगीत कागदावर पेन्सिल, खडू आणि अपारदर्शक जलरंग वापरले जात. पुढे मार्कर आले. रंगीत कागदाचा उपयोग युक्तीने केला जाई. कागदाचा रंग हाच गाडीचा मध्यम रंग मानायचा, त्यावर केवळ उजेड पांढऱ्याने आणि सावली काळ्याने भरायची. पत्र्यावर क्षितिजाची रेघ वाकडी होऊन उमटलेली दाखवली की पत्र्याची गोलाई आपोआप कळते.

या चित्रांत अतिशयोक्ती असते, हे खरे. चाके वास्तवापेक्षा मोठी, काचा अरुंद, गाडी जमिनीला टेकलेली. परंतु ही अतिशयोक्ती सरसकट दोष मानणे योग्य नाही. लघुचित्रातील डोळा जसा प्रमाणाबाहेर असूनही खोटा नसतो, तसेच येथेही आहे. काय ताणले आहे आणि कशासाठी ताणले आहे, हे पाहावे लागते. छत कापायचे ठरवलेला माणूस छत मुद्दाम अधिकच खाली काढतो, कारण त्याला त्या निर्णयाचे टोक पाहायचे असते. याउलट जिथे प्रत्येक गोष्टच ताणलेली असते तिथे निर्णय नसून केवळ सवय असते. चांगले आणि सामान्य रेखाटन यांतील भेद करण्याचा हा एक उपयुक्त निकष ठरू शकतो.

दुसरा निकष घडणशक्यतेचा. हॅरी ब्रॅडली यांनी डॉज कंपनीच्या छोट्या मालवाहू गाडीवरून 'डिओरा' ही गाडी कल्पिली आणि डेट्रॉइटच्या अलेक्झांडर बंधूंनी ती पत्र्यात उतरवली. १९६७ मध्ये तिला डेट्रॉइटच्या प्रदर्शनात रिडलर पुरस्कार मिळाला आणि १९६८ मध्ये निघालेल्या 'हॉट व्हील्स' या खेळण्यांच्या पहिल्या सोळा गाड्यांतही ती होती. रेखाटनातून गाडी आणि गाडीतून मुलाच्या मुठीत मावणारे खेळणे, असा हा प्रवास आहे. याउलट सिड मीड यांनी काढलेल्या कितीतरी गाड्या कधीच बनल्या नाहीत. फोर्ड कंपनीत काही काळ काम केलेल्या या चित्रकाराची कल्पनाशक्ती पुढे १९८२ च्या 'ब्लेड रनर' चित्रपटातील उडत्या गाड्यांत दिसली. म्हणून ब्रॅडलींचे रेखाटन यशस्वी आणि मीड यांचे अयशस्वी, असे कोणी म्हणणार नाही. घडणशक्यता म्हणजे गाडी प्रत्यक्ष बनली की नाही हे नव्हे. रेखाटणाऱ्याला पत्रा, सांधा आणि वजन यांची जाण आहे की नाही हे होय. ती जाण रेषेत दिसते.

तिसरा निकष शब्दांचा. अशा कागदांवर कडेला टिपणे असतात : इथे जोड, इथे पत्रा नको, हा नळ वर घ्यावा. ही टिपणे चित्राबाहेरची नाहीत. 'हॉट रॉड' मासिकात रेक्स बर्नेट यांची गाडीचा अंतर्भाग उघडून दाखवणारी चित्रे छापली जात. ती पाहून दूरच्या गावातील मुलांना कोणता भाग कुठे बसतो हे समजे. म्हणजे चित्राचे वाटप या परंपरेत प्रारंभापासून आहे, आणि ते नाव, तपशील आणि स्पष्टीकरण यांच्यासह आहे. आजच्या वाटपाची तुलना आपण या मूळ वाटपाशी केली पाहिजे.

३. कागदाचे नशीब :

मोटार कंपन्यांच्या दृष्टीने रेखाटन हे गुपित होते. जनरल मोटर्सने १९२७ मध्ये हार्ले अर्ल यांच्या नेतृत्वाखाली रूपरचनेचा स्वतंत्र विभाग सुरू केला. पुढे इतर कंपन्यांनीही तसे विभाग उभारले. या विभागांत रोज काढली जाणारी चित्रे कंपनीच्या मालकीची असत आणि काम संपल्यावर ती नष्ट करण्याची प्रथा होती. आज जी मूळ चित्रे उपलब्ध आहेत त्यांतील अनेक चित्रे रेखाटणाऱ्यांनी कार्यालयाबाहेर नेली म्हणून वाचली. ज्या कृतीला नियमभंग म्हटले जाई तिच्यामुळे इतिहास शिल्लक राहिला.

संग्रहालयांनी या कागदांना भिंत दिली ती बऱ्याच उशिरा. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातील लगुना कलासंग्रहालयाने व्हॉन डच, एड रॉथ आणि रॉबर्ट विल्यम्स यांच्या कामाचे प्रदर्शन भरवले. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाने २००५ मध्ये अमेरिकी मोटारींच्या रेखाटनांचेच स्वतंत्र प्रदर्शन केले. २०२० मध्ये डेट्रॉइटच्या कलासंस्थेत १९५० पासूनच्या गाड्या आणि त्यांची रेखाटने शेजारी शेजारी मांडली गेली. या तिन्ही घटनांतून एक क्रम दिसतो. प्रथम छांदिष्टांनी कागद सांभाळले, मग संग्राहकांनी ते एकत्र केले आणि शेवटी संस्थांनी त्यांना नाव, साल व माध्यम यांची पट्टी लावली. ती पट्टी लागल्यावरच समीक्षा शक्य झाली, कारण कोणी, केव्हा आणि कशासाठी काढले हे ठाऊक नसलेल्या चित्राची वाहवा करता येते, चिकित्सा करता येत नाही.

४. महाराष्ट्रातील आणि मराठी माणसांची उदाहरणे :

घडवून घेतलेल्या गाडीची परंपरा आपल्याकडे राजवाड्यातून सुरू होते. इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेच्या ड्युसेनबर्ग कंपनीचा चेसिस घेऊन त्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कार्यशाळेकडून सांगाडा चढवून घेतला. त्याचे रूप ए. एफ. मॅकनील यांनी रेखाटले होते. त्या काळी चेसिस एका कंपनीचा आणि सांगाडा दुसऱ्या कार्यशाळेचा अशीच रीत होती. ग्राहकाला आधी रंगीत चित्र दाखवले जाई आणि त्याच्या पसंतीनंतर काम सुरू होई. या गाडीच्या बाबतीत रेखाटणाऱ्याचे नाव आज नव्वद वर्षांनीही सांगता येते, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दुसरे उदाहरण इचलकरंजीचे. शंकरराव कुलकर्णी यांनी औपचारिक तांत्रिक शिक्षण नसताना १९४९ मध्ये छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ एकामागून एक सुधारित नमुने बनवले. 'मीरा' या नावाने ओळखली जाणारी ही गाडी उत्पादनात आली नाही. तिच्याविषयी समाजात जे काही फिरते ते बहुतांशी एखादे छायाचित्र आणि हळहळ एवढेच. एका माणसाने नमुना बदलताना काय नाकारले आणि काय ठेवले, हा खरा अभ्यासविषय आहे. त्या अभ्यासासाठी छायाचित्र अपुरे पडते, कारण छायाचित्रात फक्त निष्पत्ती दिसते. खोडलेली रेघ दिसते ती रेखाटनात.

तिसरे उदाहरण दिलीप छाब्रिया यांचे. कॅलिफोर्नियातील आर्ट सेंटर महाविद्यालयात मोटार-रूपरचनेचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत 'डीसी' या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा व्यवसाय उभा केला. अँबॅसॅडरसारख्या गाडीवरून 'अँबिरॉड' नावाची हॉट रॉड धर्तीची गाडीही त्यांच्याकडे घडली. २००४ च्या 'टारझन : द वंडर कार' या हिंदी चित्रपटातील गाडी त्यांच्याच कार्यशाळेची. या चित्रपटाचे कथानक प्रस्तुत विषयाशी विलक्षण जुळते. गाडीचा आराखडा घेऊन आलेल्या माणसाचे काम कंपनीचे लोक बळकावतात आणि त्याचा जीव घेतात. भुताच्या गाडीची कथा म्हणून आपण हसून सोडून दिलेल्या चित्रपटाच्या मुळाशी 'कागद कोणाचा' हा प्रश्न होता.

चौथे उदाहरण सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे. दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भाग जोडून दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होणारी जीपसारखी चारचाकी तयार केली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिची जाहीर दखल घेतली आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या गाडीच्या बदल्यात लोहार यांना नवी बोलेरो देण्यात आली. ही गाडी नियमांत बसत नसल्याने रस्त्यावर चालू शकणार नाही, हेही त्याच वेळी सांगितले गेले. या प्रसंगाचे सर्वत्र कौतुक झाले आणि ते रास्तच होते. परंतु कौतुकात 'जुगाड' हा शब्द वारंवार आला. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणारी जुळवाजुळव. भाता आणि ऐरण सांभाळणाऱ्या माणसाने चार चाकांचा तोल मनात आखूनच पत्रा वाकवला असणार. त्या आखणीला जुगाड म्हणणे म्हणजे रेखाटन अस्तित्वातच नव्हते असे म्हणणे होय.

या चार उदाहरणांत उतरती भाजणी स्पष्ट आहे. राजाच्या गाडीचा रेखाटक ज्ञात आहे, शहरातील व्यावसायिकाचे नाव हीच त्याची मुद्रा आहे, इचलकरंजीच्या प्रयोगकर्त्याची गाडी आठवणीत आहे आणि गावच्या लोहाराच्या बाबतीत कागदाचा प्रश्नही कोणी विचारत नाही.

५. लाखांदूरचे अकरा कागद :

या प्रश्नाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष ग्रंथातून गेले नाही. दोन वर्षांपूर्वी पुस्तकांसाठी लोखंडी मांडणी करून घ्यायची होती, म्हणून लाखांदूर तालुक्यातील एका वेल्डिंगच्या दुकानात जाणे झाले. दुकानदार माजी विद्यार्थी निघाला. मांडणीचे माप सांगत असताना त्याने संदर्भासाठी एक जुनी फाईल उघडली. तिच्यात गाड्यांची अकरा रेखाटने होती. काही धान विक्रीच्या पावत्यांच्या मागे, काही वहीच्या कागदावर, एक दिनदर्शिकेच्या कोऱ्या बाजूवर. सर्व चित्रे सुमारे दहा-बारा वर्षांपूर्वीची.

त्यांतील एका चित्राचे वर्णन करणे आवश्यक आहे. पावतीच्या मागे निळ्या बॉलपेनने जीपची सरळ बाजू काढली आहे. मागची चाके ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांएवढी, पुढची लहान. छत नाही, काचेची चौकट अर्ध्यावर कापलेली. सायलेन्सरचा नळ दरवाजाच्या बाजूने वर नेलेला. कडेला टिपणे आहेत : 'पाईप दीड इंची', 'येथे पत्रा नाही', 'दोन सूत जागा ठेवणे'. पुढच्या चाकाची कमान तीनदा काढून दोनदा खोडली आहे. तिसऱ्या वेळी ती चाकापासून थोडी दूर गेली आहे, कारण चाक वळताना कमानीला घासणार हे दुसऱ्या रेषेनंतर त्याच्या लक्षात आले. वर मांडलेले तिन्ही निकष येथे लागू पडतात. ताणले आहे ते मागचे चाक, आणि त्यामागे चिखलाची वाट हे कारण आहे. पत्र्याची व सांध्याची जाण रेषेत आहे. शब्द चित्राचाच भाग आहेत. उणिवाही आहेत. मागची चाके आणि आसन यांचा मेळ बसत नाही आणि चालकाला पुढची वाट नीट दिसणार नाही. ही उणीव दाखवता येते, याचा अर्थच असा की हे चित्र समीक्षेला पात्र आहे.

"सर, वहीच्या मागच्या पानावर काढायचो तर तुम्ही पान फाडलं होतं. मग घरी काढायला लागलो," असे तो सहज म्हणाला. तासिका तत्त्वावर शिकवत असतानाच्या त्या दिवसांतला प्रसंग लेखकाला आठवत नव्हता. फाडणाऱ्याला तो आठवत नसतो. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती; पावतीच्या मागे चित्रे का आहेत, एवढेच तो सांगत होता.

यानंतर घडले ते अधिक दखलपात्र आहे. अपराधी भावनेतून म्हणा वा उत्साहातून, लेखकाने त्या कागदांची छायाचित्रे घेतली आणि परिचित अध्यापकांना पाठवली. चार दिवसांत त्यांतील जीपचे चित्र दुसऱ्याच गावातून लेखकाकडे परत आले. कडेची मराठी टिपणे कापलेली होती आणि खाली 'विदेशी अभियंत्याची कल्पना' अशी ओळ जोडलेली होती. ती ओळ कोणी लिहिली हे महत्त्वाचे नाही. मूळ पाठवणीतच नाव, गाव, साल यांपैकी काही नव्हते. रिकामी जागा दुसऱ्याने भरली. म्हणजे पहिल्यांदा पान फाडले गेले आणि दुसऱ्यांदा वाटले गेले, आणि दोन्ही वेळा रेखाटणारा वगळला गेला. दोन्ही वेळा हात एकाच माणसाचा होता.

हे त्याला सांगितल्यावर त्याने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. नाव छापले जावे अशी त्याची इच्छा नाही. "नाव आलं तर लोक गाडी बनवून मागतील, आणि ती रोडवर चालणार नाही." म्हणून येथे नाव दिलेले नाही. परंतु नाव न देणे हा त्याचा निर्णय आहे. आधीच्या वाटपात तो निर्णय त्याला विचारलाच गेला नव्हता.

६. वाटप की प्रकाशन? :

त्याच्या उत्तरामागे कायद्याचे वास्तव आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ विवरणापेक्षा वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा अधोरेखित केली. रस्त्यावरील सुरक्षिततेचा विचार करता ती अनाठायी नाही. तिचा कलेच्या दृष्टीने अर्थ असा की, आपल्या देशात हॉट रॉडची कल्पना करणाऱ्या बहुतेकांसाठी कागद हाच शेवटचा मुक्काम आहे. जिथे गाडी बनू शकत नाही तिथे रेखाटन ही पूर्वतयारी राहत नाही. तीच कृती ठरते.

त्या कृतीला कायद्याने दर्जा दिलेला आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम २ (सी) मधील कलाकृतीच्या व्याख्येत रेखाटन, आकृती, नकाशा आणि आराखडा यांचा समावेश आहे, आणि त्यात कलात्मक गुण असो वा नसो, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. कलम ५७ नुसार आपण कर्ते आहोत असे सांगण्याचा हक्क हक्कविक्रीनंतरही कर्त्याकडे राहतो. संरक्षणाची मुदत कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे आहे. नोकरीत काढलेल्या चित्राचा मालक, अन्यथा करार नसल्यास, कलम १७ नुसार मालक-संस्था असते. नोंदणी होऊ शकणाऱ्या वस्तुरूपाची नोंदणी न करता औद्योगिक पद्धतीने पन्नासहून अधिक नग बनवले गेल्यास कलम १५ नुसार त्या रूपावरील कॉपीराइट संपतो. वेल्डिंगच्या दुकानातील माणूस कोणाचा नोकर नाही आणि त्याने एकही नग बनवलेला नाही. पावतीमागच्या जीपवर त्याचा हक्क पूर्ण आहे. एवढा स्पष्ट दर्जा कायदा देतो आणि समीक्षा देत नाही, ही बाब आपल्याला विचार करायला लावणारी आहे.

७. काही आक्षेप :

पहिला आक्षेप असा की, ही चित्रे पौगंडावस्थेतील वेग आणि रुबाब यांच्या स्वप्नांपलीकडे जात नाहीत. यात तथ्य आहे. अमेरिकी रेखाटनांतही पुरुषी मिरवणूक आणि उपभोगाचा सोस उघड दिसतो, आणि त्याची चिकित्सा झालीच पाहिजे. परंतु चिकित्सा करायची तर आधी चित्र समोर हवे.

दुसरा आक्षेप असा की, नाव-तपशिलाचा आग्रह धरला तर लोक वाटणेच थांबवतील आणि कागद पुन्हा ट्रंकेत जातील. हा आक्षेप गंभीर आहे. जनरल मोटर्ससारख्या कंपनीतील चित्रेही नियम मोडून वाचली, हे वर नमूद केलेच आहे. तथापि बाहेर नेणाऱ्यांनी ती बहुधा स्वतःची म्हणून नेली आणि कोणाची आहेत हे त्यांना ठाऊक होते. प्रश्न वाटू नये असा नसून वाटण्यापूर्वी विचारावे असा आहे. त्याला एक दूरध्वनी पुरतो.

तिसरा आक्षेप, ही जबाबदारी महाविद्यालयाची नाही. यावर एवढेच म्हणता येईल की, शंकरपट २०१४ च्या निकालापासून डिसेंबर २०२१ पर्यंत कायद्याने बंद होता आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्याला मान्यता दिली. दरम्यानच्या काळात छकडा घडवणाऱ्या एखाद्या सुताराने काम सोडले असेल, तर त्याच्या मापांचा एकही कागद आपल्या ग्रंथालयांत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर असलेल्या तालुक्यात असे कागद ठेवण्याजोगी दुसरी संस्थाही नसते.

समारोप :

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) गाडीचे हस्तरेखित चित्र ही स्वतंत्र कृती असून ताण, घडणशक्यता आणि टिपणे या निकषांवर तिची समीक्षा करता येते.

२) जुन्या रेखाटनांचे वाटप हे प्रकाशन आहे. त्यासोबत रेखाटणाऱ्याचे नाव अथवा नाव न देण्याची त्याची इच्छा, गाव, अंदाजे साल, कागदाचा प्रकार आणि हेतू एवढी नोंद असावी. कागदाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे आणि टिपणे कापू नयेत.

३) शासकीय रेखाकला परीक्षांना बसणाऱ्या मुलांच्या वहीत स्मरणचित्राला जागा आहे, यंत्राच्या कल्पनाचित्रालाही आपल्या अध्यापनात जागा मिळावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि कला शाखा यांना एकत्र काम करता येईल असा हा दुर्मीळ विषय आहे.

४) महाविद्यालयीन ग्रंथालयांनी आपल्या तालुक्यातील सुतार, लोहार, वेल्डर आणि पेंटर यांच्या कागदांची नोंदवही सुरू करावी. मूळ कागद मालकाकडेच राहावा, प्रत ग्रंथालयात असावी.

लाखांदूरच्या त्या अकरा कागदांच्या प्रती आता दोन्ही बाजूंसह, त्याच्या संमतीने आणि त्याने सांगितलेल्या सालांसह एका फाईलमध्ये ठेवल्या आहेत. नावाच्या रकान्यात 'कर्त्याच्या इच्छेनुसार दिलेले नाही' अशी नोंद आहे. बाराव्या कागदाची नोंदही त्याच फाईलमध्ये केली आहे : वहीचे शेवटचे पान, निळी शाई, विषय मोटारगाडी, फाडले गेले. फाडणाऱ्याचे नाव त्या नोंदीत दिलेले आहे.